जात्याची तळी आणि मोटारीचा परवाना

(पॅरिशच्या ज्युबिली-सभेंत केलेलें भाषण)



अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायांत कर्जापोटीं जात्याची तळी अडकवून ठेवण्यास मनाई आहे. कारण तळी नेली म्हणजे घरचा घासच नेला. आतां आमचीं जातीं माळ्यावर पडलीं, तथापि ती रीत जगांतून गेली नाहीं. अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं बस वा आगगाडी मिळत नाहीं. तेथें मोटार हांकण्याचा परवाना हेंच गरिबाचें जातें.

1971 सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयापुढें जॉर्जिया राज्यांतील एका धर्मोपदेशकाचा खटला आला. तीन खेड्यांतील सेवेसाठीं त्यांस मोटारीवांचून गति नव्हती. सायकलवरील एक मुलगी त्यांच्या मोटारीवर आदळली. विमा नव्हता, तारण भरतां येईना. दोष कोणाचा हें न पाहतांच परवाना स्थगित झाला. पोटापाण्याचें हें साधन चौकशीवांचून काढून घेतां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें.

तरी पैशाअभावीं परवाने जातच राहिले. उत्तर कॅरोलायनांत ठरल्या तारखेपासून 40 दिवसांत दंड न भरल्यास कोर्ट परवाना-खात्यास कळवी, व दंड फिटेपर्यंत परवाना रद्द राही. परवान्यावांचून कामावर जावें तर नवा गुन्हा. न जावें तर दंड कशानें फेडावा? (मद्य पिऊन मोटार हांकणाराची गोष्ट निराळी, त्याचा कैवार मी घेत नाहीं.)

डरहॅम शहरानें 2018 सालीं यावर उपाय योजला. ड्यूक व नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल या विद्यापीठांतील कायद्याचे विद्यार्थी त्यांत स्वयंसेवक झाले. काम रुक्ष होतें: वकिलांच्या देखरेखीखालीं जुने दप्तर काढावें, परवाना कोणत्या कोर्टाच्या कोणत्या प्रकरणानें अडला तें शोधावें, दंड माफीचा अर्ज लिहावा. सरकारी वकिलांनींही हजारों जुनीं प्रकरणें काढून टाकलीं. ज्यास स्वतःचा कागद वाचतां येत नव्हता, त्यास प्रथमच कोणी तरी तो समजावून सांगितला. मला यांतील हाच भाग मोठा वाटतो.

आमच्या पॅरिशांतही कायदा शिकणारे मुलगे-मुली आहेत, आणि नोटिशीचा कागद ट्रंकेंत घडी घालून ठेवणारीं घरेंही आहेत. फादरांनीं रविवारच्या मिस्सानंतर एक खोली देऊं केली आहे. एक अनुभवी वकील बसण्यास कबूल आहेत. विद्यार्थ्यांनीं आपलीं नांवें आजच सभा संपतांच द्यावींत.