पेटीतली कसर आणि बाळाचं दुपटं



घट बसायच्या आधी नांदेड-लातूरकडे घरोघरी अंथरूण-पांघरूण धुवायला निघतं. तेव्हाच कपड्यांची पेटीही उघडते. कुणाच्या रेशमी पातळाला बारीक भोकं दिसतात, तर कुणाचं माळेगावच्या यात्रेतून आणलेलं घोंगडं चाळणीसारखं झालेलं असतं. कसर लागली, असं आपण म्हणतो. आज आम्ही गटातल्या बाया या कसरीबद्दलच बोलणार आहोत.

पेटीतून लहानसा पिवळट पतंग उडतो, तो कपडा खात नाही. खाते त्याची अळी. मादी घड्यांमध्ये 40-50 अंडी घालते आणि त्यातून निघालेल्या अळ्या लोकर, रेशीम कुरतडतात. घामाचे, तेलाचे डाग असले तर त्यांना जास्तच फावतं. सुती लुगड्याला दुसरा चंदेरी किडा लागतो, त्याला खळ आवडते.

म्हणून पहिलं काम धुण्याचं. एकदाच नेसलेलं पातळही तसंच पेटीत ठेवू नका. ठेवणीच्या सुती कपड्याला खळ देऊ नका.

दुसरं काम उन्हाचं. घोंगडं, शाल, स्वेटर झटका, शिवणी ब्रशनं घासा आणि दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. पैठणीचा रंग उन्हानं उडतो, ती सावलीत वाऱ्यावर टाका. रिकामी पेटी कोपऱ्यांसकट पुसून उन्हात ठेवा.

तिसरं काम पाल्याचं. लिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवा. ओलसर राहिला तर बुरशी येते, डाग पडतात. जुन्या सुती कापडात मूठभर पाला, 10-12 लवंगा आणि वेखंडाचा तुकडा बांधून पुरचुंडी करा. ती घड्यांच्या मध्ये ठेवा, जरीला लागू देऊ नका. वास गेला की बदला. एक लक्षात घ्या, या वासानं पतंग दूर राहतो, पण आत असलेली अळी मरत नाही. म्हणून आधी धुणं आणि ऊन, मग पुरचुंडी.

कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? दुकानात डांबरगोळ्या मिळतात की. तेच सांगायचं आहे. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, तेव्हा आपण पेटीतली जुनी मऊ लुगडी काढून दुपटी शिवतो. त्यांना डांबरगोळीचा वास असतो. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचा घटक जन्मतःच कमी असतो. अशा बाळाच्या तांबड्या पेशी या वासानं फुटतात आणि कावीळ वाढते. ती फार वाढली तर मेंदूला इजा होते, जीवही जाऊ शकतो. कोणत्या बाळाला हा त्रास आहे, हे वरून कळत नाही.

म्हणून बाळाच्या आणि बाळंतिणीच्या कपड्यांत डांबरगोळी नकोच. गोळ्यांत ठेवलेल्या लुगड्याचं दुपटं शिवू नका. बाळ पिवळं दिसलं तर लगेच दवाखान्यात न्या.

रांगतं मूल ही गोळी खडीसाखर समजून तोंडात घालतं. कापूर गिळला तर मुलाला झटके येऊ शकतात, म्हणून आमच्या पुरचुंडीत कापूरही नाही. मुलानं काही गिळलंच, तर उलटी काढायला लावू नका, दूध पाजू नका. 108 ला फोन करा आणि गोळीचं पाकीट सोबत घ्या.

गटात कुणाच्या घरी पाळणा हलणार असेल, तर पुढच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून तिच्या पेटीसाठी पुरचुंड्या बांधा. पाला फुकट आहे, ऊनही फुकट आहे.