खिडकीबाहेरची झाडं

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘आठवड्यातून दोनदा बागकाम’ असं लिहिलं, तर घरचे म्हणतील, मग फी कशाची घेतली? इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत मात्र असं होतं. एकटेपणानं खचलेल्या माणसाला दवाखान्याचा कार्यकर्ता जवळच्या बागेत काम करणाऱ्या गटाशी जोडून देतो.

याला आधार काय? रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकानं पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाचे जुने कागद चाळले. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांना विटांची भिंत. झाडांवर पानं असतात अशा मे ते ऑक्टोबरच्याच नोंदी त्यानं घेतल्या. १९८४ साली निष्कर्ष छापून आले. झाडं दिसणारे पाऊणएक दिवस आधी घरी गेले. हा काही चमत्कार नव्हे, रुग्णही थोडेच. पण परिचारिकांचे शेरे बघा: ‘रडतात’, ‘धीर द्यावा लागतो’ अशा नोंदी भिंतीकडच्यांबद्दल कितीतरी जास्त. वेदनाशामकांचे जबर डोसही त्यांनाच अधिक लागले.

आपल्या सरकारी रुग्णालयांच्या आवारात कडुनिंब असतो, पारही असतो. तिथे डबा उघडून बसतात ते नातेवाईक. पेशंट आत, ट्यूबलाइटखाली.

नुसतं बघण्यापेक्षा मातीत हात घालणं मला मोठं वाटतं. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात बाबा आमट्यांच्या बरोबरीनं कुष्ठरुग्णांनी खडकाळ माळावर विहीर खणली, भाजी पिकवली. सुरुवातीला गावचे लोक ती विकत घ्यायला कचरत. गोळ्यांनी जंतू मरतात. पण घरानं टाकलेल्या माणसाला, आपण पाणी घातलं नाही तर वाफा सुकेल, ही जबाबदारी कुठल्या गोळीतून देणार?

म्हणून कुणी गोळ्या बंद करू नका, दोन्ही लागतं. वृद्धाश्रमात बाग करायची तर वाफे कमरेइतके उंच हवेत, वाट चाकाच्या खुर्चीला पुरेल एवढी रुंद आणि सपाट. वृक्षारोपणाचे फोटो दरवर्षी छापून येतात, पण मे महिन्यात रोपांना पाणी कोण घालतं, ते कुणी छापत नाही. तेव्हा देणगीदारांना एक विनंती. वॉर्डातल्या पंख्यांवर आणि बाकांवर नावं घालून झाली असतील, तर एखाद्या माळ्याचा वर्षाचा पगार द्या. त्यावर नाव रंगवता येत नाही, एवढीच अडचण.