लाटेची ऊर्जा आणि शब्दाची आठवण

(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात, हैदराबाद येथे दिलेले व्याख्यान)



पाणी आणि तरंग यांचा दृष्टान्त मराठी वाचकाला ज्ञानेश्वरीपासून परिचित आहे. तरंग पाण्याहून वेगळा नाही, हे अद्वैत सांगण्यासाठी तो योजिलेला असतो. भौतिकशास्त्र त्याच तरंगाकडे पाहून एक निराळा प्रश्न विचारते. लाट किनाऱ्याकडे येते, तेव्हा नेमके काय येते? पाणी येते, असे डोळ्यांना वाटते. परंतु तळ्यात खडा टाकून पाहावे. उठलेली वर्तुळे काठापर्यंत जातात. पाण्यावर पडलेले पान मात्र जागच्या जागी वरखाली हेलकावत राहते. वाऱ्याने डोलणाऱ्या ज्वारीच्या शेतातही हेच दिसते. ताटे मुळाशी रोवलेलीच असतात, लहर मात्र बांधापर्यंत पोहोचते. प्रवास होतो तो ऊर्जेचा. माध्यम तिला केवळ पुढे सोपवीत जाते.

लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी. एका सेकंदात जितके माथे एखाद्या खुणेवरून जातात ती वारंवारता. या दोहोंचा गुणाकार म्हणजे लाटेचा वेग. पाण्याची सपाटी मूळ पातळीपासून जितकी उंचावते, तो लाटेचा आयाम. ऊर्जेचा संबंध या आयामाशी आहे, पण तो सरळ प्रमाणाचा नव्हे. लाट दुप्पट उंच झाली तर ऊर्जा चौपट होते, तिप्पट झाली तर नऊपट. याचे कारण साधे आहे. दुप्पट उंच लाटेत उचललेले पाणीही दुप्पट असते आणि ते दुप्पट उंचीपर्यंत उचललेले असते.

हा नियम पाठ्यपुस्तकात निरुपद्रवी वाटतो. त्याचे भयंकर प्रात्यक्षिक २६ डिसेंबर २००४ रोजी घडले. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राच्या पश्चिमेस समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तळाचा फार मोठा भाग एकाएकी वर उचलला गेला आणि त्यावरचे पाणीही उचलले गेले. तेथून निघालेल्या त्सुनामीने हिंदी महासागराभोवतीच्या देशांत सव्वादोन लाखांहून अधिक माणसांचे प्राण घेतले.

आश्चर्य असे की, खोल समुद्रात ही लाट डोळ्यांना जाणवण्याजोगीही नव्हती. भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी महासागरावरून जाणाऱ्या एका उपग्रहाने तिची उंची मोजली. ती सुमारे ६० सेंटिमीटर भरली. मच्छीमाराच्या होडीखालून अशी लाट गेली तरी त्याला तिचा पत्ता लागू नये. मग एवढी ऊर्जा होती कोठे? ती खोलीत आणि लांबीत होती. वाऱ्याने उठलेली लाट पाण्याच्या वरच्या थरातच खेळते. तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर तिची हालचाल जवळजवळ संपते. त्सुनामीची तरंगलांबी शेकडो किलोमीटर असते. त्यामुळे पृष्ठभागापासून तळापर्यंतचे सारे पाणी तिच्यात सामील होते.

अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. ४,००० मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे विमानाच्या वेगाजवळचा असतो. खोली १० मीटर उरली की तोच ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास येतो. वेग वीसपट घटला, पण मागून येणारी ऊर्जा तर थांबत नाही. ती लहान जागेत दाटते आणि तेथील ऊर्जा वीसपट होते. ऊर्जा वीसपट, तर उंची वीसच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे साडेचार पट. साठ सेंटिमीटरचे अडीच मीटरहून अधिक झाले, ते असे. हा हिशोब ढोबळ आहे. उपसागराचा आकार आणि किनाऱ्याचा उतार यांनी उंची याहूनही वाढते.

दुसरी एक गोष्ट माणसांच्या जिवावर बेतली. काही किनाऱ्यांवर लाटेचा माथा येण्यापूर्वी तिचा खळगा पोहोचला. समुद्र मागे हटला, तळ उघडा पडला आणि लोक कुतूहलाने पुढे गेले. शिवाय एका माथ्यानंतर दुसरा येण्यास अर्ध्या तासाइतका अवधी लागू शकतो. पहिली लाट ओसरली म्हणून परतलेल्यांना दुसरीने गाठले.

हैदराबादेस समुद्र नाही. पण भारताचे त्सुनामी पूर्वसूचना केंद्र ऑक्टोबर २००७पासून याच शहरात आहे. त्याचे कार्यही लाटांच्या गुणधर्मावरच चालते. भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर या वेगाने येते. त्सुनामी तिच्या चाळिसाव्या हिश्श्यानेही येत नाही. एका लाटेने दुसरीची वर्दी द्यावी आणि मधल्या अवधीत माणसे हलवावीत, ही ती योजना.

परंतु जेथे हा अवधीच मिळत नाही, तेथे काय? सुमात्राजवळचे सिमेउलुए बेट भूकंपाच्या अगदी जवळ होते. त्याच्या काही भागात दहा मिनिटांच्या आत लाट आली. कोणत्याही यंत्राची सूचना तेथे पोहोचली नाही. तरीही सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर केवळ सात माणसे दगावली. १९०७ साली तेथे अशीच लाट येऊन अपार हानी झाली होती. बेटवासीयांनी तिला ‘स्मोंग’ हे नाव दिले आणि कथांतून, अंगाईगीतांतून ते पुढच्या पिढ्यांना सोपविले. जमीन हादरली, समुद्र हटला, की डोंगराकडे धावावे, एवढाच त्याचा अर्थ. सत्त्याण्णव वर्षांनी तो शब्द उच्चारला गेला आणि सारी वस्ती टेकड्यांवर गेली.

मराठी मुलखालाही असा अनुभव आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत येऊन तेथेही माणसे दगावली. त्या घटनेसाठी मराठीत एखादा शब्द, एखादी ओवी रूढ झाली नाही. आज ती सामान्य वाचकाच्या स्मरणातही क्वचितच असेल.

सिमेउलुएच्या लोकांपाशी ग्रंथ नव्हते. त्यांनी गळ्यावर ठेवा जपला. आपणापाशी ग्रंथ आहेत आणि त्यांना शंभर वर्षे सांभाळणारी ही संस्था आहे. वाचणारे बदलतात, पिढ्या आपापल्या जागी राहतात. एकाने दुसऱ्याला सोपविलेले ज्ञान तेवढे पुढे जाते. हे सोपविण्याचे काम या ग्रंथालयाकडून पुढील शतकातही अखंड घडो, ही सदिच्छा.