परिषदेला प्रस्ताव पाठवताना

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला निरोप पाठवला तेव्हा त्यात एवढेच होते की, "बाई, आपल्या मुलांना परदेशातल्या परिषदांना निबंध कसा पाठवायचा ते सांगा." परिषदा शेकडो असतात आणि प्रत्येकीची रीत थोडी निराळी. म्हणून ज्या एका क्षेत्राशी माझा थोडाफार संबंध आला त्याच्याच आधाराने बोलते. ते क्षेत्र म्हणजे मध्य युरेशियाचा अभ्यास. मघाशी विषय जाहीर झाला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारले, "हे कुठं आलं गं?" प्रश्न अगदी योग्य आहे. सुरुवात तिथूनच करू.

नकाशात काळ्या समुद्रापासून निघा. कॉकेशसचे डोंगर, व्होल्गेचा प्रदेश, मग कझाकस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, किरगिझस्तान, तुर्कमेनिस्तान, खाली अफगाणिस्तान, पूर्वेला शिनजियांग, तिबेट, मंगोलिया आणि वर सायबेरिया. या सगळ्या पट्ट्याला मिळून हे नाव देतात. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात उरालिक आणि अल्ताइक अभ्यासाचा विभाग होता, त्याचे नाव १९९३ साली बदलून मध्य युरेशियन अभ्यास विभाग असे झाले. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला, नवी राष्ट्रे उभी राहिली आणि अभ्यासकांना तिकडे जाणे-येणे सोपे झाले, ही त्यामागची पार्श्वभूमी. पुढे २००० साली सेंट्रल युरेशियन स्टडीज सोसायटी ही संस्था स्थापन झाली. तिची वार्षिक परिषद बहुधा अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात भरते. २००३ साली ती हार्वर्डला होती, २००४ साली इंडियानाला. याशिवाय त्या प्रदेशातच परिषद भरवण्याचा प्रघात संस्थेने पाडला. २०१४ साली अस्तानाला आणि २०१६ साली कझानला अशा परिषदा झाल्या. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्या गावी जाऊन बोलावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. का, ते तुम्हा मंडळींना निराळे सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, आमचा तिकडे काय संबंध? संबंध आहे आणि तो जुना आहे. कुमारजीव कुचाचा. आमू दर्याच्या काठी तेरमिझला बौद्ध विहारांचे अवशेष आहेत. ताजिकिस्तानात अजिनातेपे येथे १९६६ साली सुमारे १३ मीटर लांबीची महापरिनिर्वाणातील बुद्धमूर्ती सापडली, ती आता दुशान्बेच्या संग्रहालयात आहे. गोव्यात जन्मलेले आपले धर्मानंद कोसंबी १९२९ साली लेनिनग्राडला गेले ते तिथल्या बौद्धविद्येच्या अभ्यासकांबरोबर काम करायला. राहुल सांकृत्यायन यांच्या 'मध्य एशिया का इतिहास' या हिंदी ग्रंथाला १९५८ सालचा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तो ग्रंथ तुमच्यापैकी कोणीही वाचू शकेल.

पण एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर हिरमोड होणार नाही. या परिषदांत प्राचीन बौद्ध इतिहास हा एक लहानसा कोपरा असतो. बहुसंख्य निबंध सोव्हिएत काळ, आजचे राजकारण, भाषा, स्थलांतर, इस्लाम, पाणी, शेती यांवर असतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यात आनंदच मानावा. उदाहरण द्यायचे तर काल्मिक लोकांचे. व्होल्गेच्या पश्चिमेला राहणारे, मंगोल भाषाकुलातले हे बौद्ध लोक. डिसेंबर १९४३ मध्ये संपूर्ण समाज उचलून सायबेरियात पाठवला गेला. परत येण्याची मुभा मिळाली १९५७ साली. विस्थापन, स्मृती, भाषेची गळती यांवर काम करणाऱ्याला तिथे केवढे तरी साहित्य आहे.

असो. आता माझी फजिती ऐका. माझा पहिला प्रस्ताव नाकारला गेला. विषय होता 'मध्य आशियातील बौद्ध संस्कृती'. मागितले होते २५० शब्द, मी लिहिले ६००. पहिल्या वाक्यात अशोक, दुसऱ्यात कनिष्क, तिसऱ्यात रेशीम मार्ग, आणि शेवटी विश्वशांती. परीक्षकाने दोनच ओळी लिहिल्या होत्या. लेखिकेचा प्रश्न कोणता आहे आणि ती कोणती साधने वापरणार आहे, हे कळत नाही. मला चार दिवस राग आला. पाचव्या दिवशी माझाच कागद मी परक्याच्या नजरेने वाचला आणि त्याचे म्हणणे मला पटले. मी प्रस्ताव लिहिलाच नव्हता, गॅदरिंगचे भाषण लिहिले होते.

आपल्या मुलांचे नेमके इथेच अडते. बुद्धी कमी पडत नाही, वाचनही असते. परंतु घरात कोणी असा कागद पूर्वी लिहिलेला नसतो. ज्यांच्या घरी आई-वडील प्राध्यापक असतात त्यांना ही रीत जेवता जेवता कळते. आपल्याला नकार आला की आपण समजतो, आपण त्या लायकीचे नाही. एका नकारावर लिहिणे सोडून दिलेल्या दोन हुशार मुली मी पाहिल्या आहेत. ती हळहळ मनात आहे म्हणूनच आज इतके तपशिलात शिरते आहे.

प्रस्ताव कसा बांधायचा ते एका उदाहरणाने दाखवते. कार्ले तुम्हाला ठाऊक आहे. एकवीरेच्या दर्शनाला हजारो लोक लेण्यावरून जातात. तिथे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४व्या वर्षाचा एक शिलालेख आहे. नऊ खोल्यांचा मंडप महासांघिक भिक्खूंना दान दिल्याचा. दाता आहे सेतफरणाचा मुलगा हरफरण, राहणारा अबुलामाचा. हे नाव इराणी वळणाचे आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. आता तेरमिझला चला. तिथे करातेपे नावाची टेकडी आहे. वाळूच्या दगडात कोरलेली लेणी आणि त्यांच्यापुढे कच्च्या विटांची अंगणे. १९६१पासून बोरिस स्टाविस्की यांनी तिथे उत्खनन केले. मडक्यांच्या तुकड्यांवर ब्राह्मी, खरोष्ठी आणि बॅक्ट्रियन लिपीतले लेख निघाले. त्यांत दानाचे लेख आहेत आणि त्यांतही महासांघिकांचे नाव येते.

पाहा, एकच निकाय, दोन टोके. एकीकडे मावळातला डोंगर, दुसरीकडे आमू दर्या. विद्यार्थ्याच्या अंगावर काटा येतो आणि तो लगेच लिहितो, 'कार्ले ते तेरमिझ : बौद्ध धम्माची विजययात्रा'. हे करू नका. कार्ल्याचे भिक्खू तेरमिझला गेले किंवा तेरमिझचे इकडे आले, असे हे लेख सांगत नाहीत. हे लेख सांगतात की कोणी, काय, कोणाला दिले. म्हणून प्रश्न लहान करा. 'दोन्ही ठिकाणी दाता स्वतःची ओळख कशी सांगतो? गावाने, बापाच्या नावाने, व्यवसायाने, की काहीच नाही?' हा झाला प्रश्न. एवढा प्रश्न १५ मिनिटांत मांडता येतो.

पहिली दोन वाक्ये प्रश्नासाठी. नंतर साधने. कार्ल्याचे लेख एपिग्राफिया इंडिकाच्या सातव्या खंडात सेनार यांनी संपादित केले आहेत. करातेपेचे साहित्य बरेचसे रशियनमध्ये आहे. तुम्हाला रशियन येत नसेल तर ते दडवू नका. कोणत्या लेखांची वाचने तुम्ही कोणत्या भाषेतून वापरणार ते लिहा. परीक्षक त्या विषयातला जाणकार असतो, त्याला एका ओळीत कळते की समोरच्याने मूळ वाचले आहे की नाही. त्यानंतर तुमचे उत्तर, म्हणजे तुम्हाला काय आढळले. पुष्कळ जण इथे लिहितात की 'या निबंधात अमुक गोष्टीचा शोध घेतला जाईल'. शोध घेतला जाईल म्हणजे अजून घेतलेला नाही! निदान आतापर्यंत काय दिसले ते सांगावे. शेवटी एक वाक्य, यामुळे आधीच्या समजुतीत कोणता फरक पडतो. एवढ्यात २५० शब्द संपतात. संपलेच पाहिजेत. अशोकाला जागा उरत नाही, आणि त्याला त्याचे वाईट वाटणार नाही.

आणखी एक जाणण्यासारखी बाब. वरच्या उदाहरणात कार्ले नऊ आणे आणि तेरमिझ सात आणे असेल तर चालेल. पण कार्ले पंधरा आणे आणि तेरमिझ एक आणा असेल तर परीक्षक म्हणतील, हा निबंध दक्षिण आशियाच्या परिषदेला पाठवा. ते चुकीचे म्हणत नाहीत. अमेरिकेत मॅडिसनला दक्षिण आशियाची वार्षिक परिषद भरते, तिकडे तो शोभेल. परिषदेच्या आवाहनात क्षेत्र कसे सांगितले आहे ते आधी वाचावे, मग लेखणी उचलावी.

एकट्याचा निबंध आणि पूर्ण सत्र असे दोन प्रकार बहुधा असतात. सत्रात तीन-चार निबंध, एक अध्यक्ष आणि निबंधांवर बोलणारा एक चर्चक. एकेकटे निबंध आयोजकांना जुळवून सत्रांत बसवावे लागतात. तयार सत्र आले तर त्यांचे काम वाचते आणि आपलीही संधी वाढते. ताश्कंदच्या किंवा उलानबातरच्या एखाद्या अभ्यासकाचा लेख तुम्ही वाचला असेल तर त्याला सरळ पत्र लिहा. माणसे उत्तर देतात. मला तर अनोळखी माणसांनी ओळखीच्यांपेक्षा लवकर उत्तरे दिली. इंडियाना विद्यापीठातील या विषयाच्या विद्यार्थ्यांची संघटना स्वतःची परिषद भरवते. पहिल्यांदा लिहिणाऱ्याने तिचाही विचार करावा.

आता कागदपत्रे. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच प्रस्तावावर लिहा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टवर क्रम निराळा. निमंत्रणपत्रावर एक आणि पासपोर्टवर दुसरे असे झाले की व्हिसाच्या खिडकीपाशी घाम फुटतो. मुदतीची तारीख अमेरिकेतल्या वेळेने असते, पण त्या काही तासांच्या भरवशावर राहू नका. ऐन वेळी वीज जाते. स्वीकृतीचे पत्र आले की त्याच आठवड्यात व्हिसाच्या मागे लागा. मुलाखतीची तारीख मिळायलाच कधी कधी महिने जातात.

पैशाचे काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. परिषदेचे सदस्यत्व, नोंदणी शुल्क, विमान, मुक्काम सगळे धरून आकडा मोठा होतो. आयसीएसएसआर आणि आयसीएचआर यांच्या प्रवासखर्चाच्या योजना आहेत. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच अर्ज करावा. आपली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदवीच्या शिक्षणासाठी आहे, परिषदेच्या चार दिवसांसाठी नाही. अनेक मुले तिथे हेलपाटे घालतात म्हणून मुद्दाम सांगितले. आयोजकांकडेही थोडी मदत असू शकते, पण ती मागणाऱ्यालाच मिळते. मागण्यात कमीपणा नाही.

आणि कृपा करून फसू नका. ओळखीतल्या एका मुलाला एका 'आंतरराष्ट्रीय परिषदे'ची स्वीकृती दोन दिवसांत आली. पत्रावर सोनेरी मुद्रा होती. शुल्क तातडीने भरायचे होते. त्याच्या आईने भिशीचे पैसे दिले. नंतर कळले की ज्या विद्यापीठाचे नाव पत्रावर होते त्याला या प्रकाराचा पत्ताच नव्हता. तो मुलगा आजही घरात त्याविषयी बोलत नाही. खऱ्या परिषदेला प्रस्ताव वाचायला आठवडे लागतात. तिच्या मागच्या वर्षांचे कार्यक्रम छापलेले असतात, त्यांत कोण बोलले ते पाहता येते. यजमान विद्यापीठाकडे विचारणा करता येते. शंका आली तर पैसे भरण्याआधी आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना विचारा, आम्हाला तेवढेच काम.

स्वीकारला गेलेला निबंध मात्र टाळू नका. न कळवता गैरहजर राहिलेल्याचे नाव आयोजकांच्या लक्षात राहते. जमत नसेल तर लवकर कळवावे, त्यात अपमान नाही. संपूर्ण निबंध चर्चकाला आधी पोचवावा. वाचताना १५ मिनिटांत इंग्रजीचे २,००० शब्द म्हणजे पुष्कळ झाले. घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मी आमच्या स्वयंपाकघरात वाचायचे. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हते, तरी "आता थांब, दम लागला तुला," असे त्या बरोबर जागी म्हणायच्या. ते वाक्य लांब असायचे, मी ते तोडायचे.

इंग्रजीची भीती अनेकांनी मला चिठ्ठीत लिहून दिली आहे. तिकडे किरगिझ, मंगोल, जॉर्जियन, उझबेक माणसेही आपापल्या घाटाचे इंग्रजी बोलतात. साधी वाक्ये लिहा, म्हणजे सर्वांना कळतील. अलंकार नको.

पुढच्या रविवारी दुपारी तीनपासून मी मंडळाच्या वाचनालयात बसणार आहे. ज्यांना लिहायचे आहे त्यांनी एकच कागद आणावा. वर प्रश्न, खाली २५० शब्द, मराठीत लिहिलेले चालतील, इंग्रजी आपण मिळून करू. लाल पेन माझ्याकडे आहे.