पखवाजवाल्या बाबांचं नाव

दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला म्हणाले. आम्ही चौथी शिकलेलो, औतामागची माणसं. आज अभंग बाजूला ठेवतो, पेठेचं सांगतो.

आपल्या संतांची ओळखच धंद्यावरून. तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, गाथा लिहून ठेवणारे संताजी तेली. आमच्या लहानपणी पेठेत चाक फिरत होतं, घाणा करकरत होता. आता दोन्ही नाहीत.

दिंडीची भांडी तवा पितळेची. निघायच्या आधी ती कल्हईवाल्याकडं जायची. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, बाजूला भाता. भांडं तापलं की नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, कथील लावून कापसाच्या बोळ्यानं फिरवलं की आतून चांदीवानी. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकायची. पुढं स्टील आलं, जर्मनची पातेली आली. भाता थंड झाला.

पण सांगायचंय ते पखवाजाचं. पेठेच्या टोकाला एक बाबा पखवाज मढवायचे. लोखंडाची पूड खळीत कालवून शाईचा थर द्यायचे, वाळला की दगडानं घोटायचे, परत थर. वादी पाय लावून ओढायचे, गठ्ठा ठोकून कान लावायचे. सुरात बसल्याबिगर पैसे घेत नसत. त्या पखवाजावर आपण पंढरपूरपर्यंत नाचलो.

त्या बाबांना पंगतीत मात्र कधी बसवलं नाही. 1947 साली साने गुरुजींच्या उपोषणानं पांडुरंगाचं देऊळ सगळ्यांना उघडलं, आपल्या मंडपाचं दार त्यानंतरही कैक वर्षं अर्धंच उघडं होतं. आत कीर्तनात चोखोबा रंगायचे, अन् बाबांचं पान बाहेर लिंबाखाली. ते पान नेऊन देणारं पोरगं आम्हीच. लांबूनच ठेवायचो.

बाबांच्या लेकानं तो धंदा धरला नाही, पुण्याला कामाला गेला. कशाला धरंल? औंदा शाई फुटली तर आम्हाला पखवाज घेऊन पुण्यालाच जावं लागलं, एष्टीत मांडीवर धरून.

या ग्रंथासाठी जुन्या वह्या चाळल्या. विणेकरी, चोपदार, अन्नदाते, सगळ्यांची नावं सापडली. बाबांपुढं नुसतं 'पखवाज दुरुस्ती' लिहिलंय. आम्हीपण त्यांना 'पखवाजवाले बाबा'च म्हणत आलो. कुणा म्हाताऱ्या माणसाच्या ध्यानात त्यांचं नाव असंल तर छपाईला जायच्या आत सांगा. विणेकऱ्यांच्या नावाखाली एक ओळ मोकळी ठेवायला लावलीय.