गाणे आपले, फीतही आपली

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गाणी रचणाऱ्या तरुणांच्या शिबिरात मुरबाड येथे केलेल्या समारोपाच्या भाषणाचा मजकूर)



या शिबिराचे निमंत्रण घेऊन संयोजक माझ्या घरी आले तेव्हा मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले की, मला गाता येत नाही, आणि सुरातले फारसे कळतही नाही. आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकवले. त्यावर त्यांच्यातला एकजण म्हणाला, 'सर, गाणारे आमच्याकडे पुष्कळ आहेत, हिशेब मांडणारा कोणी नाही.' तेव्हा आज मी हिशेबच मांडणार आहे. मात्र त्याची सुरुवात मी एका ध्वनिफितीच्या कौतुकाने करणार आहे. कारण चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेल्या त्या फितीने मला माझ्याच विषयातली एक गोष्ट नव्याने समजावून दिली.

पण आधी आपल्या मुलखाविषयी थोडे बोलू. मी शहापूरचा. आमच्या तालुक्यात तानसाचे धरण १८९२ साली झाले, पुढे भातसा झाले. या धरणांचे पाणी मुंबईला जाते आणि चैत्र-वैशाख लागला की धरणाच्या आसपासच्या पाड्यांवरच्या बाया रिकामे हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात. आपल्या डोंगरावर पडलेले पाणी नळाने बाहेर जाते आणि टँकरने मोजून परत येते. हे दुखणे तुम्हाला मी सांगायला नको. मला सांगायचे आहे ते एवढेच की, आपल्या गाण्याचेही असेच होत आले आहे.

सुमारे १९८६-८७ मधली गोष्ट. मुरबाडजवळच्या एका गावातले एक शेतमजूर माझ्या परिचयाचे होते. आवणीच्या, कापणीच्या दिवसांत मजुरी करायची आणि रात्री पेटी-ढोलकी घेऊन स्वतः रचलेली गाणी म्हणायची, असा त्यांचा क्रम. दारूवर, सावकारावर, वीटभट्टीवर त्यांची गाणी होती, आणि ती आसपासच्या दहा गावांत तोंडपाठ होती. शहरातला एक कॅसेटवाला त्यांना घेऊन गेला. एका दिवसात दहा गाणी मुद्रित झाली. त्यांना तीनशे रुपये मिळाले, येण्याजाण्याचे भाडे मिळाले आणि एका छापील कागदावर त्यांची सही झाली. कागदावर काय लिहिले होते ते त्यांना कोणी वाचून दाखवले नाही. पुढच्या पौषात म्हशाच्या यात्रेत घोंगड्यांच्या दुकानांच्या रांगेत एका कॅसेटच्या ठेल्यावर त्यांनी स्वतःचाच आवाज ऐकला. त्यांनी फीत हातात घेतली. वेष्टनावर गायक म्हणून त्यांचे नाव होते. गीतकार म्हणून भलत्याचेच होते. अठरा रुपये मोजून त्यांनी ती विकत घेतली आणि मला आणून दाखवली. 'सर, हे माझंच आहे ना?' असे त्यांनी मला विचारले. मी अर्थशास्त्राचा तरुण अध्यापक; मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही.

भट्टीवर जाणारी आपली कातकरी माणसे 'उचल' कशाला म्हणतात हे येथे सर्वांना ठाऊक आहे. हंगामाआधी मालकाकडून पैसे घ्यायचे आणि मग ते फिटेपर्यंत सारे कुटुंब विटा पाडत राहायचे. ते तीनशे रुपये म्हणजे गाण्यावरची उचलच होती. फरक इतकाच की भट्टीचा हंगाम पावसाच्या तोंडावर तरी संपतो; त्या गाण्यांचा हंगाम कधी संपलाच नाही.

आता त्या ध्वनिफितीकडे येतो. १९८५ च्या उन्हाळ्यात मी गोव्याला गेलो होतो. पणजीत एका दुकानात साध्या वेष्टनातली एक कॅसेट दुकानदाराने माझ्या हाती ठेवली. 'गोअन क्रेझी' हे तिचे नाव. रेमो फर्नांडिस यांची ती पहिली स्वतंत्र ध्वनिफीत, १९८४ साली निघालेली. रेमो हे बार्देशातल्या शिवोलीचे. जन्म १९५३ चा. मुंबईच्या जे. जे. महाविद्यालयात त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले, विद्यार्थिदशेत येथल्या वाद्यवृंदांत गायन-वादन केले, पुढे काही वर्षे युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती केली आणि मग ते आपल्या गावी परतले. त्या काळी आपल्याकडच्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना चित्रपटसंगीत हवे होते, गझल आणि भजने हवी होती. भारतीय माणसाने स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांत त्यांना व्यापार दिसत नव्हता. तेव्हा या गृहस्थाने शिवोलीच्या घरीच सारा कारखाना मांडला.

तो कसा, हे गाणाऱ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. साध्या कॅसेटच्या फितीवर एका बाजूला दोन आणि उलट्या बाजूला दोन, असे ध्वनीचे चार पट्टे असतात. १९७९ च्या सुमारास एक घरगुती यंत्र बाजारात आले. ते हे चारही पट्टे एकाच दिशेने आणि वेगवेगळे वापरू शकत असे. पहिल्या पट्ट्यावर गिटार वाजवायची. मग ती कानांत ऐकत दुसऱ्यावर तालवाद्य भरायचे, तिसऱ्यावर बासरी, चौथ्यावर गळा. पट्टे कमी पडले की भरलेले पट्टे एकत्र करून एकावर उतरवायचे आणि जागा मोकळी करायची. प्रत्येक उतरवणीत आवाज थोडा मळतो, म्हणून आधीच सारे मनात पक्के ठरवावे लागते. अशा चारपट्टी यंत्रावर रेमो यांनी ही फीत तयार केली. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वाद्ये त्यांनीच वाजवलेली, मुद्रण त्यांचेच. आणि फिती तयार झाल्यावर गोव्यातल्या दुकानादुकानांत त्या पोचवायला स्कूटरवरून गेले तेही तेच.

तुम्ही म्हणाल, ही झाली कष्टाची कहाणी. फीत चांगली होती का? माझे उत्तर असे की, होती, आणि ती चांगली का होती याचे कारण या कष्टातच आहे. त्या फितीत मोठ्या स्टुडिओची सफाई नाही. पण गाणी इंग्रजी असूनही गाणारा माणूस लंडनचा किंवा न्यूयॉर्कचा होण्याचा आव आणत नाही. तो गोव्यात उभा राहून गोव्याविषयी बोलतो. पाश्चात्त्य रॉकचा ठेका, पोर्तुगीज वळणाची चाल आणि मध्येच आपल्या बासरीचा सूर हे सारे तेथे शेजाऱ्यांसारखे नांदते, कारण त्या माणसाच्या घराच्या अंगणात ते तसेच नांदत होते. थट्टा आहे, चीड आहे, गावावरचे वेडे प्रेम आहे. कंपनीचा कोणी व्यवस्थापक शेजारी बसला असता तर त्याने यातले अर्धे कापले असते; 'हे मुंबई-दिल्लीत कोणाला कळणार?' असे विचारले असते. तो तेथे नव्हता, म्हणून शिवोलीचा माणूस शिवोलीचा राहिला. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, याच माणसाने जुन्या गोव्याची कोंकणी आणि पोर्तुगीज गाणी फितीवर आणली. ती त्यांच्याकडे कोण मागणार होते? पण यंत्र घरचे होते, निर्णयही घरचा होता.

आणि मग काय झाले? त्यांच्या फिती खपल्या. नंतर मोठ्या कंपन्या आल्या, चित्रपटवालेही आले. रेमो त्यांच्याबरोबर गेले. २००७ साली त्यांना पद्मश्रीही मिळाली. काहींना यात तडजोड दिसते. मला त्यात सौदाशक्तीचा धडा दिसतो. ज्या माणसाची फीत आधीच खपते आहे तो कंपनीच्या टेबलाशी बसतो तेव्हा त्याच्या हाती काहीतरी असते. माझे मुरबाडचे स्नेही बसले तेव्हा त्यांच्या हाती फक्त गळा होता.

येथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो तुमच्या मनात आला असेलच. शिवोलीला घर होते, शिक्षण होते, चार वाद्ये होती, परदेश पाहिलेला होता. आमच्या पाड्यावरच्या मुलाकडे यातले काय आहे? आक्षेप खरा आहे. 'ज्याने त्याने स्वतःच्या बळावर करावे' असा उपदेश मी तुम्हाला करणार नाही. तो उपदेश नेहमी ज्यांच्याकडे बळ असते तेच करतात. उत्पादनाचे साधन एकट्याला परवडत नसेल तर ते दहाजणांनी मिळून घ्यावे, हे आपण दुधात आणि साखरेत करून पाहिले आहे. तेथे काय चुकले हेही आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे पुन्हा त्याच चुका करण्याचे कारण नाही. शंभर घरांनी दोनशे-दोनशे रुपये काढले तर वीस हजार होतात. तेवढ्यात एक बरा ध्वनिग्राहक आणि जुना संगणक येऊ शकतो. भिंतींना लावायला गोधड्या घरोघरी आहेतच. चार पट्ट्यांसाठी रेमो यांना जे यंत्र लागले त्याहून अधिक पट्ट्यांची सोय आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे.

पण फोन हाती आला म्हणजे मालकी हाती आली असे समजू नका. पूर्वी कागद होता, आता पडद्यावर 'मान्य आहे' असे बटण आहे. न वाचता दाबण्याची सवय तीच आहे. म्हणून कायद्याच्या चार गोष्टी लिहून घ्या.

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यानुसार गाणे लिहून किंवा मुद्रित होऊन आकाराला आले की ते रचणाऱ्याचे होते. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला होता की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या संगीताचा मालक निर्माता. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी, गाणाऱ्या कलावंताला आपल्या कायद्यात स्थानच नाही, ही खंत वेगळी नोंदवली होती. गायक-वादकांचा हक्क कायद्यात यायला १९९४ उजाडले. आणि २०१२ साली, राज्यसभेत जावेद अख्तर यांच्यासारख्यांनी आग्रह धरल्यावर, गीतकार-संगीतकाराचा स्वामित्वधनातला वाटा त्याच्याकडून लिहून घेता येणार नाही अशी दुरुस्ती झाली. चित्रपटगृहातले प्रदर्शन एवढा त्याला अपवाद आहे. हा कायदा मुंबईतल्या नामवंतांसाठी झाला असे कोणी म्हणेल. पण तो मुरबाडलाही लागू आहे.

आणखी एक सांगतो, आणि ते जरा कडू आहे. तारप्याच्या चाली, धवलेरीची लग्नातली गाणी, कांबड नाचाची गाणी ही कोणा एकाची नाहीत. ती तुम्ही गा, त्यांत भर घाला. पण वेष्टनावर 'गीत : अमुक तमुक' असे स्वतःचे नाव घालू नका. ज्या आजीकडून घेतले तिचे नाव आणि पाड्याचे नाव द्या, आणि पैसे आलेच तर तिचा वाटा आधी काढा. शहराने आपल्याशी जे केले तेच आपण पाड्याशी करू लागलो तर आपल्या तक्रारीला अर्थ उरणार नाही.

म्हशाच्या यात्रेतली ती कॅसेट माझ्याकडे अजून आहे. तिचे धनी वारले त्याला बरीच वर्षे झाली. फीत आता वाजत नाही, चिकटली आहे. परंतु त्यांची वही त्यांच्या घरी आहे, हे मला मागच्या महिन्यात कळले. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाबरोबर ठेवलेली. तिच्यात त्या दहा गाण्यांखेरीज आणखीही गाणी आहेत, आणि ती कोणालाही लिहून दिलेली नाहीत. त्यांचा नातू या शिबिरात आहे. काल रात्री भट्टीवरचे जे गाणे त्याने म्हटले ते त्याचे स्वतःचे. पण आजोबांची चाल मी लगेच ओळखली.

'हे माझंच आहे ना?' या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नव्हते. आज थोडेफार देता येते, म्हणून येथे आलो. संयोजकांना माझी विनंती आहे की, पहिली फीत काढाल ती त्या वहीतल्या गाण्यांची काढा. घरच्यांची लेखी संमती घ्या, खर्चाची आणि विक्रीची वही वेगळी ठेवा आणि ती सर्वांना पाहता येईल अशा जागी ठेवा. तो हिशेब लिहायला मी शहापूरहून दर महिन्याला येईन. वर्गणीचे माझे दोनशे रुपये मी आत्ताच येथे ठेवतो.