वाघ शहाणा की सिंह?

भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी वनविहार हे राष्ट्रीय उद्यान १९८३ सालापासून आहे. वाघ, सिंह आणि बिबट्या ही तिन्ही श्वापदे तेथे पाहावयास मिळतात. आणि मुलांना तेथे नेले की ‘यांत हुशार कोण?’ हा प्रश्न हटकून येतो.

२००९ साली कवट्या मोजणाऱ्या शास्त्रज्ञांनी कौल वाघाला दिला. देहमानाच्या तुलनेने त्याचा मेंदू सिंहाहून मोठा ठरला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मात्र निराळेच घडले. मांस पेटीत ठेवले होते व दार युक्तीनेच उघडावयाचे होते. त्यात कळपाने राहणारे सिंह आणि ठिपक्यांचे तरस यांनी एकट्या हिंडणाऱ्या वाघ-बिबट्यांना मागे टाकले.

मग खरे मानावे काय? माझ्या मते, ज्याचे जिणे जसे, तशी त्याची बुद्धी. कळपात राहणाऱ्यास सोबत्याचा कल ओळखावा लागतो. एकट्यास वाट, वारा आणि सावज स्वतःच जोखावे लागते. मुंबईच्या कुशीत बिबट्या माणसाची नजर चुकवून जगतो. भोपाळनजीक केरवा व कलियासोत या भागांत वाघही वस्तीलगत वावरतात.

डिसेंबर २०२४ मध्ये जवळचे रातापानी अरण्य व्याघ्रप्रकल्प म्हणून घोषित झाले. शेजारधर्म वाघाने बराचसा पाळला आहे. त्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्याइतके शहाणपण आपल्यापाशी आहे काय, ही परीक्षा आता आपली आहे.